बकुळीवरची पाटी

गुरुवार, दिवेलागणीची वेळ

आज तोंड लपवावंसं वाटलं. फाटकाजवळची बकुळ पिवळी पडायला लागली, तेव्हा मी, निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, गॅलरीतूनच निदान केलं: पाणी कमी. सोसायटीचं माळीकाम करणाऱ्या विमलबाईंना नुसतं विचारायचं, तर ते नाही. झाडावर पाटी लटकवली. 'झाडाला बोलता येत नाही, म्हणून तहानही लागत नाही, असा समज संबंधितांनी करून घेऊ नये. – हुकुमावरून.' सगळी सोसायटी हसली. मीही खूश होतो, इथे कशाला खोटं लिहू?

पानं मात्र जास्तच पिवळी. आज खाली उतरलो, तर विमलबाई आळ्यातली माती उकरत होत्या. चिमूटभर माझ्या नाकाशी धरली. कुजका वास.

"मुळं कुजाया लागलीत, सर. पाणी जास्त झालंय."

"मग घालत कशाला होतात?"

"पाटी वाचली ना. तवापास्नं दोन्ही वेळा घालते. मला पटत नव्हतं, पण म्हटलं, लिहिणाऱ्याला जास्त कळत असंल."

कोणी लिहिली, हे मी बोललो नाही. का नाही बोललो?

"आता पाणी बंद," त्या म्हणाल्या. "तशी पाटी लावा, नायतर कुणीबी घालंल."

मघापासून तीच लिहितोय. 'माती सुकेपर्यंत पाणी घालू नये. विमलबाईंना विचारावे.' टोमणा एकही सुचला नाही. सवयीने खाली 'हुकुमावरून' लिहिलं. मग ते खोडलं आणि माझं नाव घातलं.

अक्षर तेच आहे. विमलबाई ओळखतील.