पिपरी मेघेचे पाळणाघर अनुप मून याच्या हवाली

मी, श्रावण गोविंदा थूल, वय एकाहत्तर, राहणार पिपरी मेघे, जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. रक्तदाब सोडला तर तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझे घर स्वकष्टार्जित असून पत्नी सुलोचना हिच्या पश्चात पूर्णपणे माझ्या नावे आहे. वरचा मजला आणि बँकेतील शिल्लक मुलगी मेघा हिला मिळावी.

२. खालचा मजला, म्हणजे पाळणाघर, माझ्यासोबत ते चालवणाऱ्या अनुप मून याला द्यावा. मेघाची संमती आहे. पुरुषाच्या हाती लेकरे का, असे कोणी विचारील, म्हणून थोडे लिहितो.

मी कामाला होतो ती कापसाची जिनिंग बंद पडली तेव्हा सुलोचना सेवाग्रामला दवाखान्यात परिचारिका होती. ती ड्युटीवर गेली की मेघाला मी सांभाळायचो. मग तिच्या मैत्रिणीही आपली लेकरे सोडू लागल्या. जिनिंग पुन्हा सुरू झाली, मुकादम बोलवायला आला. मी गेलो नाही. मला हेच काम आवडले होते.

माझा थोरला भाऊ कैलास चारचौघांत म्हणाला, "बायको कमावून राह्यली अन् हा पोरायचे ढुंगणं धुऊन राह्यला." ते मी हसण्यावारी नेले. पण पुढे तो घरोघरी सांगत फिरला, "माणसाच्या हाती लहान पोरी काऊन देता?" आठवडाभरात ओसरी रिकामी झाली. मेघा एकटीच चेंडू घेऊन बसायची.

मी रडलो. मग आतल्या खोलीचे दार बिजागऱ्यांसकट काढले आणि प्रत्येक घरी जाऊन सांगितले, "तुमाले काळजी वाटते, ते बरोबरच हाये. कव्हाई येजा. न सांगता येजा."

सुलोचनाबरोबर दवाखान्यात काम करणाऱ्या मीराबाई भर दुपारी आल्या, चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता. मी मेघाच्या वेण्या घालत होतो. त्या घरभर फिरल्या, निघून गेल्या आणि लेक सपना हिला कडेवर घेऊन परत आल्या. कैलास फाटकाशीच उभा होता. त्याला म्हणाल्या, "भाऊजी, मी पाह्यलं. तुमी पाह्यलं का?"

महिनाभरात ओसरी पुन्हा भरली. ते दार अनुपनेही कधी बसवू नये, ही या देणगीची अट आहे.

३. माझी आरामखुर्ची कैलासला द्यावी. मागल्या वर्षी तो नातवाला घेऊन दारात आला. "ठेवतं का याले?" मी म्हणालो, "आन इकडं." त्याने माफी मागितली नाही, मीही वाट पाहिली नाही. आता नातवाला न्यायला तो तासभर आधी येतो आणि त्याच खुर्चीत बसून लेकरांची गाणी ऐकतो.

४. ढोलकी आणि कापडी बाहुल्या अनुपच्याच. तो याच ओसरीत वाढला. बालवाडी शिक्षकाचा कोर्स करतो म्हणाला, तेव्हा त्याच्या आईने कपाळाला हात लावला, "तुले पोरगी कोन देईन?" आज त्याची बायको असलेल्या मोनालीने त्याला इथेच पाहिले, दोन लेकरे कडेवर आणि एक पाठीवर असताना, आणि स्वतःहून होकार दिला.

यंदा समुद्रपूरहून बदली होऊन आलेले एक जोडपे विचारत आले, "अनुप सर इथंच शिकवतात ना? मग आमची पोरगी इथंच." मी मागे बसून ऐकत होतो. आपण जिंकलो, हे मला त्या दिवशी कळले.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. त्या दिवशी पाळणाघर बंद ठेवू नये. लेकरांना वेळेवर जेवू घालावे. अंत्ययात्रा फाटकावरून जाताना अनुपने हातातले मूल खाली ठेवून माझ्यामागे येऊ नये. तो कामावर आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, आनंदाने सही केली.

श्रावण गोविंदा थूल

आमच्या समक्ष सही झाली:
१. मीराबाई चौधरी, निवृत्त परिचारिका, सेवाग्राम
२. प्रफुल ढोले, वकील, वर्धा

पिपरी मेघे, दि. १४ ऑक्टोबर २०२५