शेटजींच्या काचेखाली

प्रिय द्वारके,

आज मुंबईहून नवा कॅमेरा आला. विटेएवढा, हातात धरायचा. आत काच नाहीच, फिल्मची गुंडाळी. दुकानदार म्हणाला होता, "ही धुऊन परत वापरता येत नाही, वासुदेवराव. बिघडलेला फोटोही तसाच राहतो." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तू जाऊन बारा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुला लिहितोय.

आठवतं तुला? कोपरीच्या आपल्या अंगणात तू काचेवर औषध ओतायचीस आणि मी ओली काच घेऊन कॅमेऱ्याकडे धावायचो. ती वाळायच्या आत सगळं उरकायचं! गिऱ्हाइकांना दम तूच भरायचीस, "हलू नका हो, दोन नाकं येतील!" औषधाने तुझी बोटं कायम काळी. शेजारणी नावं ठेवायच्या, तू हसायचीस.

आणि तुझा फोटो? एकदाच! संक्रांतीला तू नवी चंद्रकळा नेसलीस म्हणून बळेच बसवलं. आठ आकडे मोजायचे होते. पाचाला तुला हसू फुटलं. काचेवर तोंडाच्या जागी नुसता धूर. मी चिडलो, "बिघडली" म्हणालो. असं का म्हणालो गं मी?

"अहो, मग काच कशाला वाया घालवायची?" म्हणत तू ती राखेने घासलीस. स्वतःचं तोंड स्वतःच्या हाताने पुसलंस आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो! दुसऱ्या दिवशी त्याच काचेवर कल्याणच्या तांदळाच्या शेटजींचा फोटो काढला. तुझा पुन्हा काढू म्हणालो. चैत्रात पटकीने तुला दोन दिवसांत नेलं.

नीट न पुसलेल्या काचेवर कधी कधी आधीचं माणूस पुसट उमटतं. म्हणून मी शेटजींची काच उन्हात धरून बघतो. पगडीखाली बघतो, उपरण्याच्या चुण्यांत बघतो. कुठेच नाहीस! इतकं स्वच्छ कशाला पुसायचं, द्वारके? एक दिवस तरी आळस करायचास!

मधे तयार कोरड्या काचा आल्या, आता ही गुंडाळी. पापणी लवायच्या आत फोटो निघतो. कितीही हसली असतीस तरी आली असतीस. आता मी या यंत्राचं काय करू? तुझा चेहरा आठवायला बसलो की शेटजीच समोर येतात. हे कुणाला सांगू? तुझ्यासारखं काही दिसेल म्हणून खडवलीला तुझ्या आईकडे गेलो, तर त्या पदराने तोंड झाकून रडत बसल्या.

काल शेटजींचा मुलगा आला होता. वडील वारले, काच हवी म्हणाला. मी म्हटलं, "कागदावर हव्या तितक्या प्रती घ्या, काच मिळणार नाही."

"अहो, माणूस आमचं आहे त्यावर!"

मी हात जोडले आणि दार लावून घेतलं.

द्वारके, ती काच मी कुणाला देणार नाही, मीही पुसणार नाही. तू तिच्यावर नाहीस, कळतं मला. पण पुसलीस ती तू. तुझा हात फिरलाय त्या काचेवर.

तुझा अपराधी,
वासुदेव