आईचा वर गेलेला हात

डॉक्टरसाहेब योआकिम,

दादा म्हणायची आज इच्छा नाही.

उपसालाच्या रीतीप्रमाणे तुझा प्रबंध विद्यापीठाच्या फळ्यावर खिळ्याने ठोकलास, तेव्हा हातोडी आईची चालली. चारशे पानं कशावर, तर जुन्या कादंबरीतल्या मोलकरणीच्या मौनावर! 'लेखकाने तिला बोलूच दिलं नाही,' हा तुझा सिद्धांत.

काल भर सभेत तो मांडून झाल्यावर अध्यक्षांनी रीतसर विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" तीस वर्षं लोकांच्या फरश्या पुसलेल्या आईने हात वर केला. तू पाहिलंस, आणि अध्यक्षांना हळूच म्हणालास, "आई आहे माझी. सोडा, पुढे चला." पहिल्या रांगेत मला स्वच्छ ऐकू आलं. लाज वाटली ना तिची?

घरी मी विचारलं, "काय विचारणार होतीस गं?"

बटाटे सोलता सोलता म्हणाली, "विचारायचं कुठे होतं! कादंबरीत त्या पोरीला नाव आहे, ब्रीता. ह्याच्या चारशे पानांत दोनदा शोधलं, कुठेच नाही. तेवढंच सांगायचं होतं. तू मात्र त्याला काही लिहू नकोस, आनंदात आहे तो."

म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. पण सही पूर्ण करते, आईच्या नावानिशी.

गुन्वोर मोलकरणीची मुलगी,
इल्वा