आखाड्याची माती

जालना, ९ मार्च १९५६

तीर्थरूप वस्तादकाकांना,
नमस्कार.

रंगनाथचा पाय वाचेल का? मला खरंच सांगता येत नाही. कुस्तीत हाड मोडून कातडीबाहेर आलं. तुम्ही रिवाजाप्रमाणे जखमेवर आखाड्याची माती बांधलीत आणि ‘मी आल्याशिवाय सोडू नका’ असं बजावून जत्रेच्या कुस्त्यांना गेलात. मी बी.एस्सी. झालेली, तरी तुमच्यापुढे गप्प राहिले. हे पत्र टाकायचाही धीर होणार नाही.

आज तिसऱ्या दिवशी पाय काळा पडला, भाऊ तापात बरळू लागला. त्याचे जोडीदार दारात राखणीला बसलेले.

“ताई, वस्तादांचा शब्द हाय. मातीला हात लावायचा न्हाई,” त्यांच्यातला कारभारी म्हणाला.

“मंग ते येईपर्यंत हा गेला तर?”

कारभारीच डोळे पुसत उठला. “पाणी तापवा, जल्दी!”

माती मी धुतली. मी पदवी घेऊन आले तेव्हा कुस्ती मारल्यासारखा तुम्ही मला फेटा बांधला होतात. तोच फाडून, कामट्या लावून पाय बांधला. पोरांनी बाज उचलून बदनापूर स्टेशनावर जालन्याच्या गाडीत चढवली. इथल्या दवाखान्याच्या संमतीच्या कागदावर तुमच्या जागी पालक म्हणून मी सही केली आहे.

तुमची पुतणी,
मथुरा