भाजलेली अंडी आणि एक राहिलेली दुरुस्ती

दारव्हा,
दि. १० डिसेंबर १९६१

सौ. हंसाबाई हिस सप्रेम रामराम.

येथे सर्व ठीक आहे. थंडी वाढली आहे. तांड्यात सर्वांची प्रकृती उत्तम असावी. तुझ्या आईच्या, याडींच्या चरणी माझा नमस्कार सांगावा.

हे पत्र तुला देवीलाल वाचून दाखवील. देवीलाल, मागच्या खेपेस तू कोठेही न थांबता वाचत गेलास आणि तुझ्या बहिणीला निम्मे पत्र कळलेच नाही. या वेळी थांबत वाच. तिला अक्षरे शिकविण्याचे काम मी दोनदा हाती घेतले होते. दोन्ही वेळा ते माझ्या रागापायी बंद पडले, हेही येथेच नमूद करतो.

विशेष वर्तमान नाही. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला आहे. शाळेच्या तपासणीचा शेरा आला. तो अनुकूल आहे.

मधल्या काळात मी भाजलेली अंडी स्वतः करून पाहिली. माझ्या वसतिगृहात हा पदार्थ भट्टीत होत असे. तू केलास त्याप्रमाणे मी पातेल्यात वाळू तापवली. अंडी फेटून त्यांत दूध, बारीक कांदा, मीठ, मिरपूड घातली, कलईच्या डब्याला तूप लावून मिश्रण ओतले, डबा वाळूत बसवला आणि झाकणावर निखारे ठेवले. तळ जळला, वरचा भाग कच्चा राहिला. वाळू ओलसर होती. दुसऱ्या प्रयत्नात निखारे कमी पडले. शेजारच्या खातूनबी अंडी देताना म्हणाल्या, "मास्तर, बायको माहेरी गेली अन् तुमी माह्या कोंबड्यायच्या मागं काहून लागले? तिले घेऊन या नं!" मी त्यांना अंड्यांविषयीच उत्तर दिले.

काल पदार्थ साधला. छान फुगला, कडा तांबूस झाल्या, सुरी स्वच्छ बाहेर आली. त्यात काढण्यासारखा दोष मला सापडला नाही. वाळू आणि निखारे यांच्यावर ढकलण्यासारखे आता काही उरलेले नाही.

देवीलाल, तुझ्या कार्डात "बाई आरामाले आली" असे आहे. म्हणजे तिने तुम्हांला काही सांगितलेले नाही. तेव्हा आता थांब. तांड्याचे प्रमुख म्हणून नायकबाबांना बोलावून आण. ओसरीवर बायका असतील तर त्यांनाही बसू दे. पुढचे मोठ्याने वाच.

तपासणीच्या दिवशी साहेब आमच्या घरी फराळाला आले. हंसाने लुगडे नेसावे असा माझा आग्रह होता आणि सकाळी ती नेसलीही होती. परंतु निखाऱ्यांपाशी पदर आवरेना, म्हणून तिने आपला तांड्यातला घागरा, फेटियाच घातला. साहेबांनी बोलता बोलता एका संस्कृत वचनाचा चुकीचा अर्थ सांगितला. तो मी सुधारला. दारव्ह्याच्या पावसाचा आकडा चुकवला, तोही सुधारला. मग हंसा भाजलेल्या अंड्यांची बशी ठेवून आत वळली आणि साहेब म्हणाले, "स्वयंपाकीण तांड्यातली दिसते. हाताला चव आहे हो."

मी म्हणालो, "होय."

ती दारातच होती.

साहेबांना मोटरीपर्यंत पोचवून मी परतलो तो हिचे गाठोडे बांधून तयार. "मास्तरसाहेब, मले रजा पाह्यजे." मी विचारले, "कसली रजा?" तर म्हणाली, "काहून, स्वयंपाकिणीले रजा नसते काय?" आणि मी, त्या क्षणीसुद्धा, 'मले नव्हे, मला म्हण' असे म्हणालो.

त्या 'होय'ची कारणे मी मनात अनेकदा जुळवली. त्यांतले एखादे माझ्या वर्गातील मुलाने दिले असते, तर मी त्याला बाकावर उभे केले असते. साहेबांना मी कोठला हे ठाऊक नव्हते आणि ते तसेच राहावे अशी माझी इच्छा होती, एवढेच खरे आहे. ज्या तांड्याने माझ्या फीसाठी घरोघर ज्वारी गोळा केली, त्या तांड्यालाही मी त्या एका शब्दात नाकारले. नायकबाबा, हे आपण माझ्या तोंडून ऐकायला हवे होते. तेवढे धैर्य आज नाही, म्हणून देवीलालच्या तोंडून ऐकवतो.

साहेबांना आज पत्र टाकले. आपण ज्यांच्या हाताची प्रशंसा केली त्या माझ्या पत्नी, आणि तो तांडा माझाही, असे लिहिले आहे. अनुकूल शेरा बदलला तर बदलो.

हंसा, येत्या रविवारी मी मोटरीने महागावला उतरून तांड्यात येतो. तू परत येशीलच असे मी धरून चाललेलो नाही. नायकबाबांसमोर तू मला काय बोलायचे ते बोल, तुझ्या बोलीत. मी एकही शब्द सुधारणार नाही.

या पत्राखाली नेहमीप्रमाणे पदव्या लिहिल्या होत्या. त्या खोडून पुन्हा सही करतो.

हंसाबाईचा नवरा,
लालसिंग