बरणीतली पानं

आप्पा, दौंडच्या रस्त्याला एका चहाच्या टपरीवर बसलोय. कुठं निघालोय विचाराल, तर मलाच नीट सांगता येणार नाही. नगरला कुणीतरी काम देतो म्हणालं होतं, मधेच इथं एकाच्या ट्रॅक्टरचं काम निघालं आणि मी रेंगाळलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, ह्याला सरळ वाट दावली तर हा कडेच्या बोरी मोजत बसंल. समोर तेलाचा टँकर उभा आहे. टँकरच्या मागं एक साखळी जमिनीला घासत जाते, बघितली असेल तुम्ही. ह्या ड्रायव्हरनं ती तारेनं वर बांधून टाकलीय. ती दिसली आणि हातातला चहा निवून गेला. टपरीवाल्याकडून पेन मागून घेतलं.

बरणी आठवते का तुम्हाला? निमोण्याच्या घरातली, आईच्या लिंबाच्या लोणच्याची. सोड्यानं धुतली, उन्हात वाळवली, तरी वास गेला नाही. शाळेत सरांनी एकदा अशाच बरणीत वीज ओळखायचं यंत्र करून दाखवलं होतं, आणि दहावीपर्यंतचं बाकी सगळं वाऱ्यावर गेलं तरी तेवढं एक माझ्या डोक्यात चिकटून बसलं होतं. झाकणाला भोक, भोकात मेणबत्तीच्या मेणात बसवलेली तांब्याची तार, वर तारेचंच वेटोळं, खाली आकडा, आणि आकड्याला सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची दोन पानं. पाठीचा कागद सोलून नुसती चांदी काढायचं काम तुम्ही केलंत. ड्रम लोटून लोटून राठ झालेली बोटं तुमची, पण चांदी फाटली नाही. मग आज्याच्या घोंगडीवर मी प्लास्टिकची नळी घासली आणि वेटोळ्याला टेकवली. वाटणी झालेल्या भावांसारखी पानं एकमेकांपासून लांब झाली आणि तशीच राहिली. तुम्ही चुलीपुढं उकिडवे बसला होता. म्हणालात, मेंढरांमागं असताना थंडीत घोंगडी झटकली की अंधारात ठिणग्या दिसायच्या, आणि आजा म्हणायचा, घोंगडीला दात आले. मी सांगितलं, वेटोळ्याला बोट लावा. तुम्ही लावलं, पानं मिटली. वीज तुमच्या अंगातनं जमिनीत गेली, मी म्हणालो.

"म्हंजी आमची पट्टी," तुम्ही म्हणालात. "तिथं बी हेच हाय."

रांजणगावच्या कंपनीत तुम्ही लोखंडी ड्रममध्ये पेट्रोलसारखं पेटणारं थिनर भरायचात. थिनर पडताना ड्रमवर अशीच वीज साठते, आणि ती गुपचूप जमिनीत उतरावी म्हणून ड्रम ठेवायच्या स्टँडला तांब्याची पट्टी बोल्टनं आवळलेली असते, हे तुम्ही त्या संध्याकाळी मला समजावलंत. ती पट्टी नसली तर काय होतं, ते मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत.

मग खंडेनवमी आली. तुमच्या खात्यातल्या सगळ्यांनी मशिनी धुऊन पुसून रंगवल्या. तुम्ही तुमचा स्टँड हिरवा केलात, पट्टी सोडवून तीसुद्धा रंगवलीत, वाळल्यावर परत बोल्ट आवळलात. पूजेला घरच्यांना बोलावलं होतं. आई नवं लुगडं नेसून आली, आणि मी पिशवीत बरणी, नळी आणि घोंगडीचा तुकडा घेऊन. त्या दिवशी काम बंद, शेड स्वच्छ, दारं सताड उघडी, सगळीकडं झेंडू आणि उदबत्तीचा वास. तुमच्या स्टँडवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि वर एक रिकामा, धुतलेला ड्रम. जेवणं झाल्यावर दुपारच्या कोरड्या उन्हात मी गंमत दाखवायला बसलो. वेटोळ्यापासून ड्रमपर्यंत एक तार टाकली आणि घासलेली नळी ड्रमला लावली. वीज पट्टीतनं लगेच जमिनीत जायला हवी होती, पानं हलायलासुद्धा नको होती. पण ती उघडली. आणि उघडीच राहिली.

सुपरवायझर पेढा खात मागं उभा होता. "ओल लागली असंल तुझ्या बरणीला," तो हसून म्हणाला. ओल लागली तर पानं मिटतात, उघडी राहात नाहीत. हे मी म्हणालो, पण तोवर तो दुसऱ्या मशिनीकडं गेला होता. तुम्ही मात्र वाकून बोल्टाकडं बघत होता. पट्टी आणि स्टँड यांच्यामधे रंगाचा थर बसला होता. तुमच्याच हातचा.

"खरवडा ना आप्पा," मी म्हणालो.

"पूजा झालीय त्याची. आज हत्यार लावायचं न्हाई." तुम्ही हात जोडलेत. "सुट्टी संपली की बघतो."

आणि तुम्ही बघितलंतही. कामावर गेल्या गेल्या पट्टी सोडवून रंग खरवडलात. दुपारी मोठे साहेब आले, नव्या रंगाची ही दशा कुणी केली म्हणून चारचौघांत बोलले, आणि पट्टी सोडायला लावून तुमच्याकडूनच सगळं पुन्हा रंगवून घेतलं. हे सगळं तुम्ही जेवताना हसत सांगितलंत, साहेबांच्या बोलण्याची नक्कलसुद्धा केलीत. आई हसली, तिला त्यात शिव्या खाण्यापलीकडं काही दिसलं नाही. मी विचारलं, आता? तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "कायम व्हायचंय यंदा. आता न्हाई बोलायचं."

थंडी वाढत गेली. तुम्ही कामावरनं यायचात, टेरीकॉटचा शर्ट काढायचात, त्याचा चुरचुर आवाज व्हायचा. फळीवरच्या बरणीजवळ तो धरून बघायचात. दिवाळीत पानं जरा थरथरायची. पौषात तर शर्ट हातभर लांब असतानाच उघडायला लागली. तुम्ही बघायचात, आणि शर्ट खुंटीला अडकवायचात. मग एका सकाळी तुम्ही कंपनीच्या बसनं गेलात, आणि दुपारी गावात जीप आली.

कुणीतरी बिडी ओढली असंल, त्यानं आग लागली, असं ठरलं. तुम्ही तर जन्मभर तंबाखूवाले. मामांबरोबर मी शेडवर गेलो. स्टँड जागेवर होता, पट्टीही होती. आगीत रंग पार जळून गेला होता. बोल्टाखाली लोखंडाला तांबं नीट टेकलं होतं, मधे काही म्हणजे काही नव्हतं. त्या दिवशी बरणी लावली असती, तर पानं हललीसुद्धा नसती.

आई अजूनही मधेच विचारते, भाकरी थापता थापता, तव्याकडं बघत. "त्यास्नी ठावं हुतं का रं?"

आत्ता उठून टँकरपाशी जाऊन आलो. ड्रायव्हर जेवून दात कोरत होता. साखळी म्हणजे टँकरची पट्टीच. ती सोड म्हणालो, तर म्हणाला, "भाई, आवाज बहुत करती है." मी काही समजवत बसलो नाही, वाकून तार सोडली. तो हसला, मला येडा समजला असणार. टँकर गेला. साखळीचा खडखडाट बराच लांबपर्यंत ऐकू येत होता, आणि मग एकदम थांबला. लांब गेल्यामुळं थांबला, की त्यानं उतरून परत बांधली, ते इथनं दिसत नाही.

हा कागद मी घरी नेणार नाही. लिहिलेला कागद दिसला की आई शेजारच्या पोरीकडनं वाचून घेते. आणि तिला मी सांगितलंय, आप्पांना काहीच ठाऊक नव्हतं.