वाढ आणि पुरे

सोलापूर, मंगळवार, मार्च १९९८

डोकं फिरलंय नुसतं. मंद्रूपच्या शांतव्वाच्या स्तनात गाठ आहे. परवा तिच्या सासूला समजावलं, की पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन 'वाढ' हा निरोप घेतं, आतलं दुसरं 'पुरे' म्हणतं. गाठीत ते 'पुरे' कुणी ऐकतच नाही. हे वाढणं बंद करायला हवं, असंही म्हणालो.

आज शांतव्वा भोवळ येऊन दवाखान्यात पडली. सासूनं तिला ताटात वाढणंच बंद केलंय! ओरडलो, तर म्हणते, "तुमीच म्हनला की, डाक्टर!"

मला तरी दुसरा शब्द का सुचू नये?

जेवताना "पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरला. बायकोनं माझ्या बोटांवरच भात वाढला. गाठ म्हणजे नेमकं हेच! पण सासूला हा दाखला सांगू कसा? त्यातही वाढणंच आलं.